मागून बसलेली लाथ

काचेच्या धंद्यात माणसाची पत एकाच गोष्टीवरून कळते. मोठी काच उचलायची वेळ आली की त्याच्या जोडीला उभं राहायला दुसरा तयार होतो की नाही. एकट्याने ती उचलता येत नाही आणि दोघांनी उचलली की दोघांचे जीव एकमेकांच्या मुठीत. पुढचा ठेचकाळला तर धार मागच्याच्या गळ्याशी, मागचा सटकला तर पुढच्याच्या पाठीत. म्हणून काचवाले सहसा जोडीदार बदलत नाहीत. बायको रुसली तरी चालेल, जोडीदार रुसता कामा नये, असं मिस्त्री नेहमी म्हणायचे, आणि बायकोच्या तोंडावर म्हणायचे.

मिस्त्री म्हणजे चौकातल्या काचेच्या दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. बुटके, रुंद खांद्यांचे, आवाज असा की रस्त्यापलीकडून हाक मारली तरी माणूस दचकावा. "माझ्या हातून आजवर काच पडलेली नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गिऱ्हाइकाला सांगत, सोयऱ्यांना सांगत. एकदा दाढ काढायला गेले तेव्हा दाताच्या डॉक्टरांची बोटं तोंडात असतानाही त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

त्यांच्या मागे कायम एकच माणूस असायचा. उंच, हाडकुळा आणि कमी बोलणारा. जिना चढताना मागून त्याचं एकच पालुपद चालायचं, "सावकाश, मिस्त्री, सावकाश." त्यावरून त्याचं नावच सावकाश्या पडलं होतं. खरं नाव मालकालाही आठवून सांगावं लागे. मिस्त्री पुढे, सावकाश्या मागे, अशी त्या दोघांनी अर्ध्या शहराच्या खिडक्यांना तावदानं बसवली होती. दुपारचे डबे एकाच खोक्यावर बसून खाल्ले होते.

पुढे वय झालं तशी मिस्त्रींची उजवी टाच धरायला लागली. सकाळी अंथरुणातून उठल्यावर चार पावलं लंगडावं लागे. दुकानात ते कोणाला कळू देत नसत आणि कोणाला कळलंही नाही. पण मागून चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढच्याच्या टाचाच असतात. सावकाश्याने ते पाहिलं आणि एक दिवस मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, "मिस्त्रींचा पाय बरा दिसत नाही. थोडे दिवस त्यांना टेबलावर बसवा, कापायचं काम द्या. जिने नकोत."

मालक मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी भरल्या दुकानात तो ओरडला, "काय मिस्त्री, पाय कामातून गेला म्हणे! सावकाश्या सांगत होता."

सगळे हसले. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. याला माझी जागा हवीय, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं. मागे वळून त्यांनी सावकाश्याकडे असं पाहिलं की तो बोलायला आला होता तो तसाच थबकला.

आणि नेमका त्याच दिवशी नाचाच्या क्लासमधला आरसा चढवायचा होता.

क्लास पहिल्या मजल्यावर होता. अख्खी भिंत व्यापेल असा आरसा. वर नाचाच्या बाई दार धरून उभ्या होत्या, त्यांच्यामागे शिकायला आलेल्या मुली. मिस्त्री रागात होते आणि रागात माणूस भरभर चालतो.

"सावकाश, मिस्त्री."

"तोंड बंद ठेव."

वळणावरची पायरी जरा उंच होती. मिस्त्रींनी उजव्या पायाच्या चवड्यावर जोर दिला, शरीर वर रेटलं, आणि फट्ट असा आवाज झाला. कोणीतरी बुटाच्या टोकाने टाचेवर सणसणीत लाथ घातली, असं त्यांना वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच पटली. हात सुटला. आरसा त्यांच्याच अंगावर कलंडायला लागला.

अशा वेळी मागच्याने काच सोडून बाजूला उडी मारायची असते. पहिल्याच दिवशी हे शिकवतात. सावकाश्याने उडी मारली नाही. त्याने आरसा स्वतःकडे, भिंतीच्या बाजूला ओढून घेतला. हातमोजा फाटून धार तळहातात शिरली आणि आरसा मिस्त्रींना न लागता पायऱ्यांवर फुटला. आवाज थांबल्यावर सावकाश्या तुकड्यांवरून तसाच पुढे आला, वाकला, आणि मिस्त्रींना उठवायला त्याने त्यांच्या काखेत हात घातला.

मिस्त्रींनी त्याच्या थोबाडीत मारली.

"लाथ मारतोस? मागून लाथ मारतोस मला?"

सावकाश्याचा हात गालावर गेला. तो कापलेला हात होता, त्यामुळे गाल लाल झाला. "मी, मिस्त्री?" एवढंच तो म्हणाला. वर मुली एकमेकींना बिलगून उभ्या होत्या.

खबर लागताच दुकानातून मालक धावत आला. त्याने मिस्त्रींना विचारलं काय झालं. सावकाश्याला विचारलं नाही. त्याच दिवशी सावकाश्याचं काम गेलं. ही बातमी धंद्यात पसरायला कितीसा वेळ लागतो? मागून लाथ घालणाऱ्याबरोबर काच कोण उचलणार? शहरातल्या एकाही दुकानाने त्याला उभं केलं नाही.

इकडे दवाखान्यात डॉक्टरांनी मिस्त्रींना पालथं झोपवलं आणि दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने दाबल्या. डावी दाबली की पाऊल हलायचं. उजवी दाबली तर पाऊल पलंगाच्या कडेवरून ओल्या फडक्यासारखं नुसतं लोंबत राहायचं.

"टाचेच्या वरची जाड शीर तुटलीय, पूर्ण," डॉक्टर म्हणाले. "तुटली तेव्हा मागून कोणी लाथ मारली असं वाटलं का?"

"हो," मिस्त्री उत्साहाने म्हणाले. "मारलीच ना!"

डॉक्टर हसले. "सगळे हेच सांगतात. कोणी मारलेली नसते हो. आधीपासून दुखणारी शीर जोर पडला की तुटते, आणि तुटताना माणसाला अगदी असंच वाटतं. मागे भिंत असली तरी लोक वळून बघतात."

बायको पाणी आणायला बाहेर गेली होती. ती आली तशी तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"शीर तुटलीय. ऑपरेशन."

"मेल्याने शीर तोडली बघा," बायको म्हणाली. मिस्त्री पाणी प्यायले.

सांगायचं म्हटलं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण लाथ मारलेली नसेल तर पाय आपणहून गेला होता. म्हणजे सावकाश्याचं म्हणणं खरं. म्हणजे आरसा मिस्त्रींच्या हातून पडला. आणि ज्याने हात कापून घेऊन आपल्याला वाचवलं त्याला आपण थोबाडीत मारली. त्या एका लाथेमागे एवढं सगळं झाकलेलं राहत होतं. ऑपरेशन झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. ऑपरेशन झाल्यावर ठरवलं, प्लास्टर निघाल्यावर सांगू.

घरी माणसांची रीघ लागली. दुकानातले लोक फळं घेऊन आले. "बरं झालं काढलं त्याला," कोणी म्हणे. "एवढी वर्षं अस्तनीत निखारा!" मिस्त्री मान हलवत. आधी उगाच म्हणून हलवत होते, नंतर मान आपोआप हलायला लागली. एरवी दहा घरांत ऐकू जाणारा आवाज बसला होता. दुखतंय म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं. बायको त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, पायाला पिशवी गुंडाळून आंघोळ घालायची, पाठ चोळता चोळता सावकाश्याचा उद्धार करायची, आणि मिस्त्री मान खाली घालून साबणाच्या पाण्याकडे बघत बसायचे.

एका दुपारी दारात सावकाश्याची बायको आली. मिस्त्री आतल्या खोलीत पडले होते. तिचा आवाज ओळखताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला फक्त दादांना एकदा विचारू द्या," ती म्हणत होती. "हे घरात बोलत नाहीत, जेवत नाहीत. दादांनी एकदा माझ्याकडे बघून सांगावं, यांनी लाथ मारली म्हणून. मग मी परत येणार नाही."

मिस्त्रींची बायको घरी कपड्यांना इस्त्री करून देत असे. कामाला वाघ आणि तोंडाला त्याहून. तिने आत डोकावून पाहिलं. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

"झोपलेत ते. आणि काय सांगायचंय? पाय दिसत नाही का तुला? ज्या पायाने लाथ मारली तो पाय मोडो तुझ्या नवऱ्याचा!"

दार लागलं. बाहेर चपला हळूहळू लांब गेल्या. मिस्त्री भिंतीचे पोपडे बघत पडून राहिले. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा स्वतःची किळस आली. तरी ते उठून हाक मारू शकले नाहीत.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय दुसऱ्याच कोणाचा असावा तसा निघाला. जिने चढून चढून दगडासारखी झालेली पोटरी पार ओसरली होती. व्यायामाच्या बाईंकडे जायचं ठरलं. त्या तरण्याताठ्या होत्या, बोलायला खणखणीत. त्यांनी मिस्त्रींना पालथं निजवलं, घोट्याखाली उशी सरकवून पाऊल खाली झुकतं ठेवलं, म्हणजे शिवलेल्या शिरेला ताण पडू नये. "पोटरी आवळा बघू."

मिस्त्रींनी दात आवळले, मुठी आवळल्या. पोटरी ढिम्म.

"शीर जुळलीय, पण पोटरीला आवळायचं कसं ते आठवत नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांनी डब्याएवढं एक मशीन आणलं, त्याच्या तारांना चिकटणाऱ्या चकत्या होत्या. त्या पोटरीवर लावल्या. "करंट हळूहळू चढवते. आधी मुंग्या येतील, मग पोटरी आपोआप आवळेल. दुखलं तर लगेच सांगा."

मुंग्या आल्या. मग कातडीखाली काहीतरी वळवळलं आणि पोटरी गोळा झाली. मिस्त्रींनी काही केलं नव्हतं. थोडा वेळ तशीच राहिली, मग सैल पडली. पुन्हा आवळली. आपलाच पाय आपल्याला न विचारता हलतोय हे पाहून त्यांना विचित्र वाटलं आणि उशीत तोंड खुपसून ते रडायला लागले.

"दुखतंय का?" बाईंनी चटकन करंट उतरवला.

"नाही."

"मग नुसतं पडून राहू नका. मशीन आवळेल तेव्हा तुम्हीही जोर लावायचा. आपण त्याला मदत करायची, त्याच्यावर सोडून द्यायचं नाही."

मिस्त्री जोर लावायला लागले. पायात हळूहळू जीव यायला लागला. पाय सुधारला की लोक "वा, मिस्त्री!" म्हणत आणि तेवढंच त्यांना जास्त लाजल्यासारखं होई.

शेजारच्या पलंगावर पोस्टातल्या एक बाई येत. लठ्ठ, हसऱ्या, त्यांचीही तीच शीर तुटलेली. एक दिवस मिस्त्रींच्या पोटरीवर चकत्या लावलेल्या होत्या, त्यांची बायको पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती, आणि पोस्टातल्या बाई आपली कहाणी सांगायला लागल्या.

"बस धरायला धावले आणि फाडकन मागून काठी बसली. वळून बघते तर एक म्हातारा, हातात छत्री! असा झापलाय मी त्याला, अख्ख्या स्टॉपसमोर! लाज नाही वाटत बाईमाणसाला मारायला, म्हटलं. तो बिचारा थरथर कापत होता. आणि दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, असं सगळ्यांनाच वाटतं, कोणी मारलेलं नसतं!"

"मग हो?" मिस्त्रींच्या बायकोने विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी बदललं होतं.

"मग काय, मला तर अन्न गोड लागेना. कुबड्या घेऊन गेले त्याच वेळेला त्याच स्टॉपवर. सगळ्यांसमोर हात जोडले. तर तो मलाच म्हणतो, बाई, आधी बसा." त्या खदखदून हसल्या आणि मिस्त्रींकडे वळल्या. "तुमच्या मागे कोण होतं हो?"

पोटरी आवळत होती, सैल पडत होती.

"कोणी नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने इस्त्री तापवली आणि आधीच इस्त्री केलेला शर्ट पुन्हा घासायला घेतला.

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं हे?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा."

"ती दारात आली, मी तिला नाही नाही ते बोलले. तुम्ही जागे होतात?"

"होतो."

"आणि ऐकत होतात."

तिने इस्त्री उभी ठेवली. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं, ते बरं झालं असतं. ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी आता तिला कुठलं तोंड दाखवू? माझ्या तोंडून वदवलंत हो तुम्ही. मला पुढे केलंत."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री काठी टेकत निघाले. सावकाश्या गाद्यांच्या गोदामात लागला होता, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. गोदामात गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि चारपाच जण त्यांना प्लास्टिक गुंडाळत होते. सावकाश्याने त्यांना पाहिलं आणि हातातली गादी ठेवली नाही.

"जरा बाहेर येतोस? बोलायचं होतं."

"इथेच बोला."

"लोक आहेत रे."

"मारलीत चारचौघांत," सावकाश्या म्हणाला, "आणि बोलायचं कोपऱ्यात?"

एवढं लांब वाक्य मिस्त्रींनी त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. हात थांबवून सगळे बघायला लागले. मिस्त्री बोलले. तुटक, अडखळत, पण सगळं बोलले. लाथ मारली नव्हती, शीर आपणहून तुटली, हे त्याच दिवशी कळलं होतं, तरी गप्प राहिलो, तुझी बायको आली तेव्हा झोपेचं सोंग घेतलं.

शेवटचं ऐकल्यावर सावकाश्याने गादी खाली ठेवली. "ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "ती म्हणाली, दादा झोपले होते. मी तिला म्हटलं, जागे असते तर नक्की खरं बोलले असते."

मिस्त्रींना तिथेच जमीन दुभंगावी असं झालं. खाली बघितलं तेव्हा त्यांना सावकाश्याचा उजवा हात दिसला. तळहातावर जाड व्रण होता आणि दोन बोटं आत वळतच नव्हती.

"बोटं?"

"राहिलीत तशी. गादीला काय, तीन बोटं पुरतात. आणि पडली तरी कोणाला लागत नाही." तो पुन्हा कामाला लागला. "दुकानात सांगा हे. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं."

मिस्त्री तिथून थेट दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, मालक होता, सगळे कारागीर होते. दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं. "आरसा माझ्या हातून पडला. त्याने लाथ मारली नव्हती. हात कापून घेऊन त्याने मला वाचवलं आणि मी त्याला मारलं."

मालक चाचरत म्हणाला, "जाऊ द्या हो मिस्त्री, आता उकरून काय करायचं?" पण अस्तनीतला निखारा म्हणणारा कारागीर लाल झाला. "जाऊ द्या कसं? आम्ही त्या माणसाला रस्त्यात ओळख दिली नाही. तुमच्या शब्दावर!" त्याने पाठ फिरवली. त्या दिवसापासून दुकानातली थट्टामस्करी मिस्त्री आले की थांबायची. मालकाने सावकाश्याला परत बोलावलं, तो आला नाही. मिस्त्री नाचाच्या बाईंकडेही गेले. त्या म्हणाल्या, "मी वरून बघत होते ना. मागच्यांचे दोन्ही पाय खालच्या पायरीवर होते. पण मला कोणी विचारलंच नाही."

मिस्त्रींची बायको स्वतः सावकाश्याच्या घरी जाऊन आली. काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि पिशवीतला डबा भरलेला तसाच परत आला होता.

मिस्त्रींनी एक मात्र केलं. व्यायामाच्या बाईंना त्या बोटांबद्दल विचारलं. "घेऊन या की," त्या म्हणाल्या. निरोप गेला. बऱ्याच दिवसांनी सावकाश्या आला, पण मिस्त्रींची वेळ कोणती ते विचारून त्याने दुसरी वेळ मागून घेतली. बाईंकडून मिस्त्रींना एवढंच कळायचं की बोटांची शीर तुटलेली नाही, जखमेत चिकटलीय, करंट लावला की बोट थोडं वळतं आणि माणूस जोर चांगला लावतो. मग ते आपल्या पोटरीला जोर लावायचे.

पाय पुष्कळसा सुधारला. उजव्या चवड्यावर उभं राहता येतं, फार वेळ नाही. आता मिस्त्री टेबलावर बसून काच कापतात. पाय कशाने गेला असं कोणी नवखं विचारलं तर थोबाडीत मारल्यापासून सगळं सांगतात. सांगताना आवाज अजून चिरकतो. "पुरे की आता, लोक कंटाळतात," बायको म्हणते.

मध्यंतरी गाद्यांच्या दुकानाला काउंटरसाठी छोटी काच हवी होती. न्यायला सावकाश्या आला. मिस्त्रींनी मापाने कापली, कडा घासून दिल्या, कागदात गुंडाळली. सावकाश्याने ती काखेत घेतली, उजव्या हाताने खालून धरली. दोन बोटं पूर्ण नाही, पण बरीच वळली.

"मी येऊ का पोचवायला?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको. दार धरा."

मिस्त्री उठले, दार उघडून बाजूला उभे राहिले. तो बाहेर पडला, रस्ता ओलांडला, गर्दीत दिसेनासा झाला. मालक आतून ओरडला, "मिस्त्री, धूळ येतेय." तरी मिस्त्री आणखी थोडा वेळ दार धरून उभे होते.